कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील १९४२ ची युद्धसराव छावणी : आयर्न माउंटन येथे पाहिलेले अवशेष

कातळवाट

मागील हिवाळ्यात माझे वडील दोन महिन्यांसाठी आमच्याकडे, दक्षिण कॅलिफोर्नियात, राहायला आले होते. बाबा भारतीय सैन्याच्या चिलखती दलात होते आणि त्यांच्या सेवेतला बराच काळ नगरला गेला. त्यांना शहरे दाखवून झाली, समुद्र दाखवून झाला, आणि मग एके सकाळी चहा घेताना त्यांनीच विचारले की पॅटनचे वाळवंट इथून किती लांब आहे. मी या भागात अकरा वर्षे राहते, त्या वाळवंटातून जाणाऱ्या महामार्गावरून अनेकदा ये-जा केली आहे, परंतु रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय होते याची मला काहीच माहिती नव्हती. त्या प्रश्नामुळे जे पाहायला मिळाले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण या ठिकाणाबद्दल मराठीत काही वाचल्याचे मला आठवत नाही.

थोडी पार्श्वभूमी आधी सांगते. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिका युद्धात नुकतीच उतरली होती आणि उत्तर आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याशी गाठ पडणार हे दिसत होते. अमेरिकी सैन्याला वाळवंटात लढण्याचा अनुभव नव्हता. त्यासाठी जागा शोधण्याचे काम मेजर जनरल जॉर्ज पॅटन यांच्याकडे आले. त्यांनी मार्च १९४२ मध्ये विमानातून आणि जमिनीवरून या मुलखाची पाहणी केली आणि एप्रिलमध्ये 'डेझर्ट ट्रेनिंग सेंटर' म्हणजे वाळवंटी प्रशिक्षण केंद्र या नावाने सरावाला सुरुवातही झाली. मुख्य तळ 'कॅम्प यंग' हा इंडिओ गावाच्या पूर्वेला सुमारे ३० मैलांवर, आज ज्याला चिरियाको समिट म्हणतात त्या खिंडीजवळ उभा राहिला. पुढे हे क्षेत्र वाढत वाढत कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि नेवाडाच्या टोकापर्यंत सुमारे १८,००० चौरस मैलांवर पसरले. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ सातवा भाग होईल एवढी ही जमीन आहे. तीन लोहमार्ग, कोलोरॅडो नदीचे पाणी लॉस एंजेलिसकडे नेणारा २४२ मैलांचा नवाकोरा जलमार्ग आणि जवळजवळ निर्मनुष्य प्रदेश, ही या निवडीची कारणे होती. जलमार्ग १९४१ मध्येच सुरू झाला होता. तो नसता तर इतक्या माणसांना तिथे ठेवणे शक्यच झाले नसते.

आम्ही पहाटे निघालो. चिरियाको समिटला महामार्गालगत पॅटन यांच्या नावाचे संग्रहालय आहे, ते १९८८ मध्ये उघडले. बाहेर मोकळ्या जागेत रणगाडे उभे आहेत. बाबा आत जाण्याआधी त्यांच्यातच बराच वेळ फिरले. शर्मन रणगाड्याच्या पट्ट्यावर त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, "हा आपल्याकडेही होता. ६५ साली डेक्कन हॉर्स रेजिमेंटने याच गाड्या घेऊन पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अडवले." संग्रहालयात जलमार्गाची आखणी करण्यासाठी बनवलेला पाच टनांचा उठावाचा, म्हणजे जमिनीचे उंचसखलपण घडवून दाखवणारा, नकाशा आहे. त्यात या संपूर्ण मुलखातल्या डोंगररांगा हाताने दाखवाव्यात अशा समोर येतात. पुढे जाणाऱ्या प्रत्येकाने तो आधी पाहावा, कारण नंतर प्रत्यक्ष जमिनीवर उभे राहिल्यावर दिशांचा अंदाज घ्यायला तोच उपयोगी पडतो.

तेथून डेझर्ट सेंटर, मग १७७ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला आणि ६२ क्रमांकाच्या रस्त्यावर पूर्वेकडे वळून आम्ही आयर्न माउंटनच्या पायथ्याशी पोहोचलो. जलमार्गाच्या पाच उपसा केंद्रांपैकी एक तिथे आजही चालू आहे. या केंद्रातली आयर्न माउंटन छावणी त्याच्याच शेजारच्या उतारावर आहे. शेवटच्या टप्प्यात मात्र माझी चूक झाली. फोनमधल्या नकाशाने दाखवलेली वाट मी डोळे झाकून धरली आणि गाडी एका कोरड्या ओढ्याच्या वाळूत रुतली. फोनला रेंज नव्हती. पायपुसणी चाकांखाली घालून, हाताने वाळू उपसून तासाभराने आम्ही बाहेर आलो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सोबत घेऊन, एकट्या गाडीने, अशा वाटेवर जाणे ही बेजबाबदार गोष्ट होती आणि ती मी पुन्हा करणार नाही.

आता छावणीबद्दल. पहिल्या नजरेला तिथे काहीही नाही. भिंती नाहीत, छपरे नाहीत, कारण ती मुळात नव्हतीच. माणसे तंबूत राहत आणि १९४४ मध्ये तंबू गुंडाळून निघून गेली. समोर दिसतो तो किंचित उताराचा, काळसर दगडगोट्यांचा माळ, त्यावर विखुरलेली क्रिओसोटची झुडपे आणि मागे उघडा डोंगर. पाच-दहा मिनिटे चालल्यावर डोळ्यांना सवय होते आणि मग दगडांच्या रांगा दिसू लागतात. नारळापेक्षा लहान, मुठीपेक्षा मोठे दगड एकापुढे एक लावलेले. दोन समांतर रांगांमध्ये पायवाट, तिला काटकोनात मिळणारी दुसरी पायवाट, मधे चौकोन. तंबूंची आळी, तिच्यापुढे मोकळे मैदान, पलीकडे रुंद रस्ता. हळूहळू संपूर्ण वसाहतीचा आराखडा पायांखाली उलगडत जातो.

बाबा एका चौकोनाशी थांबले. काठीने त्यांनी दगडांची रांग दाखवली आणि विचारले, "हे कशासाठी लावले असतील, सांग बरे." मी म्हटले की रात्री वाट चुकू नये म्हणून असेल. ते म्हणाले, "तेही असेल. पण आमच्याकडेही कुठेही तळ पडला की दुसऱ्या दिवशी सुभेदारसाहेब दगड गोळा करायला लावायचे. रांग धरायची, मग गेरू-चुना. आठ दिवसांत हलायचे असले तरी." मग त्यांनी त्या दोन रांगांमधून पावले मोजत चालून पाहिले, आणि पुढच्या आळीतही तेवढीच पावले भरली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे माणूस भेटल्यासारखे समाधान होते. या दगडांवर कधी चुना लागला होता का, याची खूण आम्हाला सापडली नाही. परंतु एवढ्या उन्हात, उद्या सोडून जायच्या जागेवर, कोणीतरी वाकून एकेक दगड सरळ रेषेत बसवला आहे, हे वाचून कळण्यापेक्षा तिथे उभे राहून कळणे फार वेगळे आहे.

छावणीतल्या दोन गोष्टी कुंपणाने राखल्या आहेत. एक म्हणजे प्रार्थनेच्या दगडी वेद्या. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट सैनिकांसाठी दोन वेगवेगळ्या वेद्या इथल्याच दगडांतून रचल्या गेल्या. वर छत नाही, मागे सरळ डोंगर. दुसरी म्हणजे जमिनीवरच माती-दगडांनी घडवलेला या प्रदेशाचा प्रचंड उठावाचा नकाशा. त्याच्याभोवती उभे राहून अधिकारी चढाईच्या योजना समजावून घेत. ऐंशीहून अधिक वर्षांच्या पावसाने त्याचे डोंगर झिजून उंचवटे झाले आहेत, तरी नीट पाहिले तर दऱ्यांच्या रेषा कळतात. संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की त्या अधिक स्पष्ट होतात. म्हणून शक्य असेल त्यांनी दुपारी तीननंतर तिथे थांबावे.

एका झुडपाखाली गंजलेला पत्र्याचा डबा होता. झाकणाला समोरासमोर दोन त्रिकोणी छिद्रे, एक ओतायला, दुसरे हवा जायला. मी खाली बसून पाहिला, छायाचित्र घेतले आणि तिथेच राहू दिला. त्या दोन छिद्रांकडे पाहताना मला पहिल्यांदा तिथे माणूस दिसला.

ज्यांनी या किंवा इतर छावण्या पाहिल्या असतील त्यांनी कृपया लिहावे.

भुईकोट

फार मनापासून लिहिलेला धागा आहे. आपल्या वडिलांनी शर्मनबद्दल जे सांगितले त्याला थोडी जोड देतो, कारण मी नगरचाच आहे आणि तेथील रणगाडा संग्रहालयात लहानपणापासून जात आलो आहे. हे संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले आणि त्यात देशोदेशींचे पन्नासच्या आसपास रणगाडे आहेत. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे जी लढाई झाली, तिच्यात डेक्कन हॉर्सकडे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन होते आणि समोर पाकिस्तानचे त्या वेळी अत्याधुनिक समजले जाणारे पॅटन. डेक्कन हॉर्सचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य करत होते. त्यांना त्या कामगिरीबद्दल महावीर चक्र मिळाले आणि पुढे ते सरसेनापती झाले. उसाच्या शेतांत दबा धरून, पाणी सोडून चिखल केलेल्या जमिनीत पॅटन अडकवून ही लढाई जिंकली गेली. वाळवंटात मोकळ्या मैदानावर वेगाने चाल करण्याची जी पद्धत जनरल पॅटन यांनी शिकवली, ती त्यांच्या नावाच्या रणगाड्याला तिथे वापरताच आली नाही. नगरच्या संग्रहालयात हे दोन्ही रणगाडे पाहिले आहेत, तेव्हा त्यांतला शर्मन चालवणाऱ्या माणसांच्या सरावाची जमीनही एकदा पाहावी असे तुमचे लेखन वाचून वाटू लागले.

एक शंका आहे. पॅटन तिथे नेमके किती काळ होते?

कातळवाट

आपले आभार. बाबांना आपला प्रतिसाद वाचून दाखवला. वैद्यसाहेबांचे नाव ऐकताच ते खुर्चीत सरळ बसले.

पॅटन तिथे चार महिनेसुद्धा नव्हते. १९४२ च्या उन्हाळ्यातच त्यांना उत्तर आफ्रिकेतील मोहिमेच्या तयारीसाठी बोलावले गेले आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांच्या फौजा मोरोक्कोच्या किनाऱ्यावर उतरल्या. परंतु केंद्राचा साचा त्यांनीच घालून दिला. ते स्वतः कॅम्प यंगमध्ये राहत. पाठीवर पूर्ण सामान आणि हातात बंदूक घेऊन दहा मिनिटांत एक मैल धावण्याचा दंडक त्यांनी घातला आणि तंबूंमध्ये वीज किंवा उबेची सोय करू दिली नाही. सराव चालू असताना एका सुट्या टेकडीवर बसून ते रेडिओवरून आज्ञा देत. सैनिकांनी त्या टेकडीला 'राजाचे सिंहासन' असे नाव ठेवले होते. ती टेकडी आम्हाला यावेळी पाहता आली नाही.

ते गेल्यानंतर हे केंद्र आणखी पावणेदोन वर्षे चालले. मे १९४३ मध्ये आफ्रिकेतले युद्ध संपले, वाळवंटी लढाईची गरज उरली नाही, तेव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचे नाव बदलून 'कॅलिफोर्निया-ॲरिझोना युद्धसराव क्षेत्र' असे केले गेले. तोपर्यंत तिथे एका खऱ्या रणभूमीची संपूर्ण रचना उभी केली होती. पुढे लढणारी फौज, मागे रसद, भांडारे, इस्पितळे, रेल्वेची स्थानके, सर्व प्रत्यक्ष मोहिमेप्रमाणे. एप्रिल १९४४ च्या अखेरीस ते बंद झाले. साधारण दहा लाख माणसे या क्षेत्रातून गेली असे मानले जाते. त्यांतले बहुतेक पुढे वाळवंटात लढलेच नाहीत. ते नॉर्मंडीच्या हिरव्या शेतांत, आर्देनच्या बर्फात आणि पॅसिफिकच्या बेटांवर गेले.

सज्जनगड_पायथा

हा धागा वाचताना मला माझ्या आजोबांची आठवण झाली. ते दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत, म्हणजे तेव्हाच्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते. आमच्याकडे तिला आजही 'काळी पाचवी' असेच म्हणतात. १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर लढून ही बटालियन पुढे पश्चिमी वाळवंटात गेली, आणि जून १९४२ मध्ये लिबियातील तोब्रुकच्या वेढ्यात सापडली.

तुमच्या छावणीशी याचा थेट संबंध आहे. २० जूनच्या पहाटे रोमेलने तोब्रुकच्या आग्नेय बाजूवर हल्ला चढवला. ती बाजू अकराव्या हिंदी ब्रिगेडकडे होती, आणि घावाचे टोक मराठ्यांच्या मोर्चांवर आले. आधी विमानांनी बाँबवर्षाव, मग सुरुंग काढत येणारी पायदळे, मग रणगाडे. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले आणि सुमारे ३३,००० माणसे युद्धकैदी झाली. माझे आजोबा त्यांत होते. बातमी आली तेव्हा चर्चिल वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट यांच्याच भेटीला गेले होते. मदत म्हणून पॅटन यांना चिलखती डिव्हिजन घेऊन इजिप्तला पाठवावे असा विचार तेव्हा झाला आणि त्यासाठी त्यांना कॅलिफोर्नियाच्या याच वाळवंटातून तातडीने राजधानीत बोलावण्यात आले. एक डिव्हिजन पुरणार नाही, दोन हव्यात, असा आग्रह त्यांनी धरला. अमेरिकी सेनाप्रमुख जनरल मार्शल यांनी त्यांना सरळ परत पाठवले. अखेर माणसांऐवजी ३०० शर्मन रणगाडे जहाजांवर चढले आणि ऑक्टोबरमध्ये अल अलामीनच्या लढाईत ते ब्रिटिश आठव्या सैन्याच्या हाती होते.

आजोबा इटलीतल्या छावणीतून पुढे परत आले. ते वाळवंटाबद्दल फार कमी बोलत. एक गोष्ट मात्र अनेकदा सांगत, की पाण्याची बाटली रिकामी असली तरी ती कमरेला हलकी लागते म्हणून कोणी टाकून देत नसे. तुमच्या डब्याबद्दल वाचले तेव्हा ती बाटली आठवली.

कातळवाट

सज्जनगड_पायथा, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. आम्ही ज्या माळावर चाललो, त्या मुलखातल्या माणसाला तोब्रुकच्या त्या दिवसामुळे बोलावणे आले होते, हे मला ठाऊक नव्हते. बाबा म्हणाले की सातारला आल्यावर आपणास भेटायची त्यांची इच्छा आहे.

पूर्वरंग

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याला युद्धेतिहासाची अतिशय आवड आहे. आम्ही फिनिक्सजवळ राहतो. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ॲरिझोनाच्या बाजूला अशी एखादी छावणी आहे का? उन्हाळ्याच्या सुट्टीत जाता येईल का? आणि तिथे जुन्या काडतुसांच्या पुंगळ्या वगैरे मिळतात असे ऐकले आहे, त्यांतली एखादी आठवण म्हणून आणली तर चालेल का? शाळेतल्या प्रकल्पासाठी हवी आहे.

कातळवाट

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : हो. ॲरिझोनात बाउस, हॉर्न, हायडर आणि लगुना अशा छावण्या होत्या. बाउस आपल्याला सर्वांत सोयीची पडेल. तिथे अत्यंत गुप्ततेने रात्रीच्या लढाईसाठी प्रखर प्रकाशझोत बसवलेले रणगाडे चालवण्याचा सराव झाला, आणि ते गुपित युद्ध संपेपर्यंत बाहेर आले नाही. गावात त्या सैनिकांचे स्मारक आहे.

उन्हाळ्यात कृपया जाऊ नये. पारा ४५ अंशांच्या वर सहज जातो, सावली नाही, पाणी नाही आणि मैलोगणती माणूस नाही. सरावाच्या काळात धडधाकट तरुण सैनिकही उष्माघाताने दगावले. नोव्हेंबर ते मार्च हा काळ योग्य.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल मला थोडे आग्रहाने लिहावे लागेल. कृपया काहीही उचलू नका. यांपैकी बहुतेक जमीन अमेरिकेच्या केंद्र सरकारची आहे आणि तिच्यावरील ऐतिहासिक वस्तू हलवणे बेकायदा आहे. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी धोका खरा आहे. या क्षेत्रात खऱ्या दारूगोळ्याचा सराव झाला, पॅलेन खिंडीत तर खंदक, अडथळे आणि सुरुंगांचे पट्टे उभारून पुन्हा पुन्हा चढाया झाल्या, आणि न फुटलेले गोळे अजूनही मधूनमधून सापडतात. गंजलेला गोळा निरुपद्रवी दिसतो, पण तो तसा असतोच असे नाही. तिथे मुलांना एकच नियम सांगावा : ओळखू न येणारी धातूची वस्तू दिसली की थांबायचे, आल्या पावली मागे फिरायचे आणि अधिकाऱ्यांना कळवायचे.

आणि आणखी एक. त्या डब्याला अर्थ आहे तो त्या झुडपाखाली, त्या आळीच्या टोकाला असण्यामुळे. तिथे जेवणाचा तंबू होता की कोणी पहाऱ्यावर बसून प्यायले, हे जागेवरूनच ठरते. घरी फडताळात ठेवला की तो नुसता गंजलेला डबा उरतो. आपल्या मुलाला प्रकल्पासाठी छायाचित्रे हवी असतील तर मी काढलेली सर्व पाठवीन, मोजमापांसह.

मृद्गंध

मी ॲरिझोनात माती आणि जलसंधारणाच्या क्षेत्रात काम करतो आणि या मुलखात कामानिमित्त अनेकदा गेलो आहे. दगडांच्या रांगा आपण फार चांगल्या वर्णिल्या आहेत. माझे लक्ष नेहमी त्यांच्या शेजारच्या चाकोऱ्यांकडे जाते.

या माळावर वरचा थर म्हणजे घट्ट बसलेल्या लहान दगडांची नैसर्गिक फरसबंदी असते. वारा आणि पाऊस बारीक माती खाली नेतात, दगड वर राहतात, आणि हजारो वर्षांत त्यांच्या वरच्या अंगावर लोह-मँगनीजचा काळसर लेप चढतो. त्याखाली फिकट, भुसभुशीत माती असते. रणगाड्याने एकदा वळण घेतले की ही फरसबंदी फुटते, फिकट पट्टा उघडा पडतो आणि तो भरून यायला मानवी आयुष्य पुरत नाही. म्हणूनच १९४२ च्या पट्ट्यांच्या जोडरेषा आजही दिसतात, काही ठिकाणी तर विमानातूनसुद्धा. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी या जुन्या छावण्यांतच माती किती दाबली गेली आहे हे मोजले. पट्ट्यांखालची जमीन शेजारच्या जमिनीपेक्षा चाळीस वर्षांनंतरही अधिक कठीण होती. जिथे वरचा थर खरवडून रस्ते आणि तंबूंच्या जागा केल्या होत्या, तिथे अल्पायुषी झुडपे परत आली, परंतु क्रिओसोटसारखी दीर्घायुषी झाडे फार विरळ होती. क्रिओसोट सावकाश वाढतो आणि शतकानुशतके जगतो. तो परत यायला त्याच्या हिशेबाने वेळ लागतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात नांगरलेल्या शेतातून ट्रॅक्टर एकाच वाटेने नेला तर त्या पट्ट्यात पुढच्या हंगामात पीक मार खाते, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तिथे काळी माती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि काही वर्षांत स्वतःच मोकळी होते. इथे पाऊसच वर्षाला चार-पाच इंचांच्या आसपास, त्यामुळे तो उपचार होत नाही.

यातून जाणाऱ्यांनी एवढेच घ्यावे की आपली गाडी असलेल्या वाटेवरून एक फूटही बाहेर काढू नये. छावणीत पायीच फिरावे. आणि निघताना गाडीखाली वाकून पाहावे. वाळवंटी कासवे सावलीसाठी चाकांशी येऊन बसतात. त्यांना १९९० पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षण आहे आणि त्यांना उचलणेही चुकीचे आहे, कारण घाबरलेले कासव साठवलेले पाणी टाकून देते आणि मग पुढच्या पावसापर्यंत तगत नाही.

दीपमाळ

सर्वांचे लेखन उत्तम आहे, तरी एक बाजू राहून गेली आहे असे मला वाटते. आपण सर्वजण हा प्रदेश 'निर्मनुष्य' होता असे लिहीत आहोत. सैन्यानेही तसेच मानले होते. प्रत्यक्षात कोलोरॅडो नदीच्या काठाने मोहावी, क्वेचान आणि इतर आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. ब्लाइथ गावाजवळ नदीच्या वरच्या माळावर माणसांच्या आणि प्राण्यांच्या प्रचंड आकृती आहेत. मृद्गंध यांनी सांगितलेली तीच काळी फरसबंदी बाजूला सारून, खालची फिकट माती उघडी करून त्या काढलेल्या आहेत. १९३२ मध्ये एका वैमानिकाला त्या वरून दिसल्या आणि बाहेरच्या जगाला त्यांची माहिती झाली. कुंपण पडले ते १९७४ मध्ये. तोपर्यंत त्यांवरून वाहने गेली. एका माणसाच्या आकृतीवरून गेलेली चाकाची रेघ आजही तिथे पाहता येते.

मी मागच्या वर्षी तिथे गेले होते. कुंपणाशी उभी राहून मी त्या माणसाच्या पसरलेल्या हातांकडे पाहत होते, आणि त्याला छेदून गेलेली ती रेघ मला मूळ आकृतीइतकीच ठळक दिसली. सैनिकांच्या दगडांच्या रांगा आपण आदराने पाहतो, ते योग्यच आहे. परंतु त्याच जमिनीवर त्याच पद्धतीने, त्यांच्या कितीतरी आधी, दुसऱ्या माणसांनीही काही मांडून ठेवले होते. आयर्न माउंटनला जाणाऱ्यांनी परतीच्या वाटेवर ब्लाइथला अवश्य थांबावे अशी माझी विनंती आहे.

कातळवाट

दीपमाळ, आपले म्हणणे मला पटले. मूळ लेखात 'जवळजवळ निर्मनुष्य' असे जे लिहिले आहे, ते मी लष्कराच्या नजरेने लिहिले. तो शब्द तसाच ठेवते, म्हणजे आपला प्रतिसाद वाचणाऱ्याला तो कशाबद्दल आहे हे कळेल.

मृद्गंध, आम्ही रुतलो तो ओढा वाटेपासून चाळीस-पन्नास फूट आत होता. आपला प्रतिसाद वाचल्यावर मी त्या दिवशीची छायाचित्रे पुन्हा पाहिली. आमच्या गाडीच्या चाकांचे दोन पट्टे माळावरून ओढ्याकडे गेलेले त्यांत स्वच्छ दिसतात. वाट नसलेल्या जागेवरून मी गाडी नेली, आणि ते पट्टे आता तिथे राहणार आहेत. हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

भुईकोट

मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाकडे सॅन डिएगोला येत आहे. त्याच्याकडे उंच, चारही चाकांना ताकद असलेली गाडी आहे. आपण पुन्हा जाणार असाल तर दोन गाड्या सोबत नेता येतील. काय काय घ्यावे लागेल ते कळवावे.

कातळवाट

नक्की जाऊ या. बाबाही नाताळापर्यंत पुन्हा येत आहेत आणि त्यांना 'राजाचे सिंहासन' पाहायचे आहे. माणशी किमान चार लिटर पाणी आणि तेवढेच राखीव, कागदी नकाशा, फावडे, चाकांखाली घालायच्या फळ्या, टायरमध्ये हवा भरायचा पंप आणि पूर्ण भरलेली टाकी. डेझर्ट सेंटरच्या पुढे पेट्रोल मिळेल असे धरून चालू नये. कुठे चाललो आहोत आणि किती वाजता परत येऊ, हे घरी लिहून ठेवावे. सकाळी आठला चिरियाको समिटच्या रणगाड्यांपाशी भेटू. आधी आत जाऊन तो मोठा नकाशा पाहू आणि मग निघू.

सज्जनगड_पायथा, आपल्या आजोबांचे पलटणीतले एखादे छायाचित्र असेल तर त्याची प्रत पाठवाल का? बाबांची इच्छा आहे की ते सोबत न्यावे आणि शर्मनपाशी उभे राहून आपल्यासाठी एक छायाचित्र काढावे.

सज्जनगड_पायथा

एकच आहे, केरेननंतर काढलेले. त्यात आजोबा उजवीकडून तिसरे बसलेले आहेत आणि बाटली कमरेला दिसते. आज रात्री स्कॅन करून पाठवतो.